गोड्या पाण्याची टाकी

बाबा दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी शिगवण मास्तरांना काचेचा गोल बाउल विकायला नकार देत होते.

"मास्तर, बाउल दिसायला छान, पण त्यात मासा जगत नाही. पाणी थोडं, म्हणजे घाण लगेच साठते. नवशिक्याला वाटतं लहान भांडं सोपं पडेल. पण मोठ्या टाकीत आपल्या चुका खपून जातात, बाउलमध्ये एकही खपत नाही."

"पण नातीला बाउलच पाहिजे हो."

"नातीला मासा पाहिजे. बाउल तुम्हाला पाहिजे, टेबलावर मावतो म्हणून."

मास्तर हसले आणि उद्या बायकोला घेऊन येतो म्हणून गेले. बाबा इतका वेळ चपला काढून उंबऱ्याबाहेर उभे होते. मी 'या' म्हटलं तरी आत यायला त्यांना क्षणभर लागलाच.

दापोलीत एसटी स्टँडच्या मागे माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे. या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. तेव्हा दुकान उघडून चार वर्षं लोटली होती आणि त्या चार वर्षांत बाबांनी एकदाही त्यात पाऊल टाकलं नव्हतं. आई-बाबांचं घर हर्णैला, जेमतेम अर्ध्या तासावर. धाकू पावसे तांडेल म्हटलं की बंदरावर कोणीही घर दाखवेल. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, जाळं कुठे टाकायचं आणि कधी ओढायचं हे ठरवणारा. अडतीस वर्षं बाबांनी तेच केलं. मी रत्नागिरीला जाऊन शोभेच्या माशांचं तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन आले तेव्हा ते म्हणाले होते, "मासा ही खायची वस्तू. त्याला जिवंत ठेवून बघत बसायला आपण काय दवाखाना काढलाय?" मी शेफारले आहे असं त्यांचं मत झालं आणि ते त्यांनी बदललं नाही.

त्या फेब्रुवारीत त्यांच्या छातीत दुखलं. हृदयात दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी समुद्र बंद केला, वजन उचलणं बंद केलं, आणि बोट माझ्या धाकट्या भावाकडे, भालूकडे गेली. तेव्हापासून बाबा ओटीवर बसायचे ते बंदराकडे पाठ करून. बोटी परत यायची वेळ झाली की उठून आत जायचे.

तर ते माझ्या दुकानात आले. सगळ्या टाक्यांपुढून एकेक पाऊल टाकत गेले. एकीपुढे थांबले, वाकून पाहिलं, पुढे गेले. मग गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले.

"मला पण एक टाकी पाहिजे," ते म्हणाले. "समुद्राची."

"बाबा, पहिली टाकी गोड्या पाण्याची घ्यावी."

"कोणी?"

नवशिक्याने, हा शब्द ओठांवर आला होता. तो मी गिळला.

"म्हणजे, लोक तशी घेतात."

"लोक घेतात ती लोकांना दे. मला गोड्या पाण्यातला मासा दाखवू नको गो. त्याला चव नाय आणि चालही नाय."

खाऱ्या पाण्याची टाकी नवख्या माणसाला द्यायची नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. पुण्याहून दापोलीत बंगला बांधायला आलेल्या एका डॉक्टरांना मी तोंडावर नाही म्हटलं होतं. पण ते डॉक्टर होते, आणि हे माझे बाबा, चार वर्षांनी पहिल्यांदा माझ्या दुकानात आलेले. मी हरखून गेले होते. दोन फुटांची टाकी काढली, पंप दिला, वाळू दिली. वरचं काचेचं झाकण द्यायला लागले तेव्हा त्यांनी हात आडवा केला.

"हे कशाला? समुद्रावर झाकण असतं काय?"

मी झाकण परत फळीवर ठेवलं.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरी जत्रा होती. भालूने बारा वाव खोल पाण्यातलं स्वच्छ पाणी कॅन भरभरून आणलं, कारण बंदरातल्या डिझेलच्या पाण्याला बाबांनी हातच लावू दिला नाही. खडकांतून पट्ट्यापट्ट्यांचे अकरा लहान मासे धरून आणले. आई फोनवर सांगायची, "हे आता टाकीपुढेच जेवतात. माशांना नावं ठेवलीत. एकाचं नाव भालू हाय, तो सारखा तोंड उघडतो." बाबा परत बंदराकडे तोंड करून बसायला लागले होते. मी मनात म्हटलं, बघ, नियम काय घेऊन बसलीस.

मग मे महिन्याच्या मध्यावर आईचा फोन आला. तिचा आवाज खाली गेला होता.

"सुगंधा, तू ये. सगळे मासे गेले. परवा चार, काल बाकीचे. ह्यांनी टाकीवर चादर टाकलीय. जेवण टाकून उठतात. कालपासून गोळी पण घेत नाहीत. मी दिली तर म्हणतात, कशाला ती."

मी दुकान बंद केलं आणि मिळाली ती एसटी पकडली.

बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आधी त्यांच्याकडे गेलेच नाही. टाकीवरची चादर काढली. काचेच्या वरच्या काठाला चारी बाजूंनी मिठाचा पांढरा थर धरला होता, बोटाने खरवडला तर निघेल इतका. वर पंखा गरगरत होता. काय झालं ते मला तिथे उभ्या उभ्याच कळलं.

"आई, टाकीतलं पाणी कमी व्हायचं का?"

"व्हायचं तर. रोज दोन बोटं खाली जायचं. उन्हाळा काय कमी हाय?"

"मग काय करायचात?"

"हे भरायचे ना. भालूकडनं रोज समुद्राचं पाणी मागवून ठेवायचे. एक दिवस चुकवला नाय त्यांनी."

मी पिशवीतून मीठ मोजायची काचेची नळी काढून पाण्यात सोडली. ती बुडायचं नावच घेईना. मी आत गेले आणि बाबांच्या खाटेच्या कडेला बसले.

"बाबा, मला एक सांगा. भरती ओसरली की खडकांच्या खळग्यांत पाणी राहतं. दुपारच्या उन्हानंतर त्याचं काय होतं?"

 

"मीठ होतं," ते भिंतीला म्हणाले.

"म्हणजे ऊन काय घेऊन जातं?"

"पाणी."

"आणि मीठ?"

आता ते माझ्याकडे वळले. अडतीस वर्षं पाणी वाचलेला माणूस तो, पुढचं सांगावं लागलं नाही. उठून बसले, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले.

"वरनं मी रोज आणखी मीठ ओतत होतो," ते म्हणाले. "गोडं पाणी ओतायचं होतं."

"हो."

"समुद्रात कोण गोडं पाणी ओततो?"

"कोणीच नाही. म्हणून तर तुमच्या हातून झालं. दुसऱ्या कोणाच्या हातून झालं नसतं, त्याने नळच सोडला असता. झाकण ठेवलं असतं तर एवढं आटलंही नसतं."

"मला वाटलं, समुद्रानं मला टाकलं," बाबा म्हणाले. "बोटीवर नको झालो, आता त्याचे मासे पण माझ्याकडं राहायला तयार नाहीत. रात्रंदिवस तेच डोक्यात." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुला हे ठाऊक होतं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. आई दारात उभी होती आणि मानेने 'नको' म्हणत होती.

"ठाऊक होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगते की समुद्राची टाकी नवशिक्याचं काम नाही. झाकण पाहिजे, पाणी आटलं तर गोडं घालायचं, मासे इतक्यात सोडायचे नाहीत. तुम्हाला यातलं काही सांगितलं नाही."

"का?"

"तांडेलाला पाण्याचं काय सांगायचं, असं वाटलं."

बाबांचा चेहरा कसा झाला ते मला अजून आठवतं. ते रागावले होते, पण माशांवरून नाही.

"बोटीत पाणी शिरताना दिसलं आणि तांडेल रागावंल म्हणून खलाशी गप्प बसला, तर त्या खलाशाला मी दुसऱ्या दिवशी उतरवतो. मोठा असो की घरचा असो. तुला ठाऊक होतं तर तू माझ्या तोंडावर का नाय बोललीस?"

"बोलायला हवं होतं."

"मग आता बोल."

आईने कपाळाला हात लावला. मी पदर सारखा केला, जसा दुकानात कठीण गिऱ्हाईक आलं की करते.

"बाबा, तुम्ही नवशिके आहात."

 एकसष्ट वर्षांच्या त्या माणसाला असं कोणी कधी म्हटलं नसेल. वयाच्या आठव्या वर्षी ते वडिलांबरोबर बोटीवर चढले, तेव्हाही बहुधा कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग आईकडे वळून म्हणाले, "माझी गोळी कुठं ठेवलीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी दुकानाचं शटर वर करत होते तेव्हा ते समोरच्या पायरीवर बसलेले होते. पहिल्या एसटीने आले होते. आत येऊन स्टुलावर बसले.

"त्या मास्तराला सांगत होतीस तसं सांग. काय सोडू नको."

मी वही घेतली आणि गिऱ्हाइकाला विचारते ते सगळं विचारलं. टाकी कुठे ठेवणार? ऊन थेट येतं का? खाली टेबल आहे की लाकडी स्टूल? पाणी कोण बदलणार?

"मी."

"बादली उचलायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग?"

"मग नळी. तोंडाने ओढून पाणी खाली सोडायचं, आणि भरताना मगाने भरायचं. म्हणून टाकी फार उंचही नको, हात तळाला पोचला पाहिजे. आणि फार लहानही नको, ते मास्तरांना सांगताना तुम्ही ऐकलंतच."

मी त्यांना अडीच फूट लांब, बसकी टाकी दाखवली. उंच, निमुळत्या टाक्या त्यांना जास्त आवडल्या होत्या, पण माशाला उंचीपेक्षा लांबी लागते, त्याला पोहायला पल्ला हवा, असं म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. पल्ला त्यांना कळत होता. मग मी मासे दाखवले, अंगावर निळ्या रेघा असलेले झेब्रा मासे, एकेक जेमतेम दीड इंचाचा.

"हे तर जाळ्याच्या डोळ्यातनं निसटतील."

"म्हणून तर टाकीत ठेवायचे. काटक असतात, नवशिक्याला सांभाळून घेतात."

"घेऊ दे सांभाळून," ते म्हणाले आणि पिशवीसाठी हात पुढे केला.

"आज मासे नाहीत, बाबा. नुसती टाकी न्यायची. पाणी भरायचं, पंप चालू करायचा आणि चार आठवडे थांबायचं. पाणी मुरलं पाहिजे. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, ते माशांची घाण खातात. ते तयार व्हायच्या आधी मासा सोडला तर तो आपल्याच घाणीने मरतो. रोज एक चिमूट चारा मात्र टाकायचा."

"मासे नसताना चारा?"

"तो कुजतो, आणि त्यावर ते जीव पोसतात."

मला वाटलं, आता उठतील. पण त्यांनी फक्त बोटं मोजली. "चार आठवडे. म्हणजे तवर मासेमारीची बंदी लागलेली असंल. बरोबर हाय. समुद्राला पण दोन महिने सोडतो आपण, मासा वाढायला." आणि टाकी टेम्पोत चढवायला भालूला फोन लावला. या वेळी झाकण त्यांनी स्वतः मागून घेतलं.

आता हर्णैसारख्या गावात तांडेलाने घरात काचेची टाकी आणली, त्यात गोडं पाणी भरलं, मासा एक नाही, आणि रोज सकाळी आंघोळ करून त्या पाण्याला चारा घालतो, ही बातमी किती वेळ लपणार? जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली, बोटी वर ओढून ताडपत्र्या घातल्या आणि सगळे तांडेल रिकामे झाले. मग तर विचारू नका. "धाकूनं पाणी पाळलंय," असं सगळीकडे झालं. बाबांचा जुना जोडीदार नथू चोगले रोज संध्याकाळी यायचा, टाकीपुढे बसायचा आणि विचारायचा, "पाणी जेवलं काय रे?"

अडतीस वर्षं ज्याच्या शब्दाला बंदरावर मान होता, त्या माणसाची टिंगल चालली होती. आई मला फोन करून रडकुंडीला यायची. "दोनच मासे दे गो. लोकांची तोंडं तरी बंद होतील." मी नाही म्हटलं.  मासे पुन्हा मेले तर बाबांचं काय होईल, याची मला माशांपेक्षा जास्त भीती होती.

बाबांनी मात्र एकदाही मागितले नाहीत. पाणी तपासायच्या बाटल्या मी त्यांना दिल्या होत्या. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब घालायचे आणि रंग बघायचा, हिरवा आला तर पाणी अजून कच्चं, पिवळा आला तर तयार. रोज आठच्या ठोक्याला फोन यायचा. "आज हिरवं." "आज लय हिरवं, झाडाच्या पानासारखं." "आज जरा फिकं हाय, पण मला उगाच तसं वाटत असंल, आईला विचारतो." कॅलेंडरवर ते रोजचा रंग लिहीत होते. अठराव्या दिवशी म्हणाले, "नथू सांगतो की झालं, सोड. काय करू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते कशाला विचारतेस? तू सांग."

"अजून दहा दिवस."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिले. बाबांनी माझ्या सांगण्यावर 'बरं' म्हणावं, हे माझ्या जन्मात पहिल्यांदा घडत होतं.

तिसाव्या दिवशी फोन आला. "पिवळं. काल पण पिवळं होतं, पण मी म्हटलं खात्री करून सांगावं."

मी आठ झेब्रा मासे पिशवीत घेतले आणि हर्णैला गेले. वाटलं होतं घरी आई-बाबा असतील. दारात चपलांचा ढीग होता. नथू चोगलेसकट सहा तांडेल ओटीवर आणि आत मिळून बसले होते, सगळे पन्नाशी-साठीचे, वादळात बोटी परत आणलेले लोक. बाबांनी बोलावलं होतं की तमाशा बघायला आपणहून आले होते, ते मी विचारलं नाही. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. आईने चहा ठेवला होता.

टाकीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. मी फुगवलेली पिशवी न उघडता तशीच पाण्यावर तरंगत ठेवली.

"आता काय?" नथूकाका म्हणाले.

"आता थांबायचं. पिशवीतलं आणि टाकीतलं पाणी सारखं गार व्हायला पाहिजे. पंधरा मिनिटं."

"महिनाभर थांबला, आता आणखी पंधरा मिनिटं?" सगळे हसले. नथूकाकांनी खिशातला चाकू काढला, जाळं कापायचा, आणि पिशवीची गाठ कापायला वाकले. "दे, मी सोडतो. आठ मासे सोडायला एवढा काय सोहळा."

बाबांनी त्यांचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"थांब, नथू. तिनं सांगितल्याबिगर नाय."

"अरे, मासेच ना ते?"

"मासेच. आणि मी अकरा मारलेत. समुद्राचं पाणी मला कळतं म्हणून मारलेत. याच्यातलं मला काय कळत नाय, मी नवशिका हाय. तिला कळतं. ती सांगंल तेव्हा."

नथूकाकांनी चाकू मिटला. कोणी हसलं नाही. ओटीवरचेही आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बाबा टाकीच्या शेजारी, हात मागे बांधून, खलाशी जाळं सोडायच्या हुकुमाची वाट बघतो तसे माझ्याकडे बघत होते. आणि त्यांच्यामागे हर्णै बंदरातले सहा तांडेल, ते पण माझ्याकडेच.

पंधरा मिनिटं झाली. मी घड्याळात पाहिलं, पिशवीला हात लावून पाहिला. पाणी सारखं झालं होतं, केव्हाच. पण मी म्हटलं, "अजून पाच मिनिटं," आणि कोणी एका शब्दाने विचारलं नाही. ती पाच मिनिटं माशांना लागत नव्हती. ती मला पाहिजे होती.